न पेटणारं पाणी

सावळखेड, ता. दारव्हा
१८ जून २०१७

चि. उर्वशीले आत्याचा जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. 'मी बरी आहे, काम चालू आहे, काळजी करू नको.' तीन वाक्याले मी पत्र म्हणत नाई बाई. एवढं तं यस्टीचा कंडक्टरही खिडकीतून सांगून जाईन.

तू अतुलसंग फोनवर घंटा घंटा बोलतं, ते मले दिसते. पण माह्ये कान जिनिंगच्या मशिनीनं बावीस सालात खाऊन टाकले. आता फोन माह्या कानाले लावला काय आन भिंतीले लावला काय, सारखंच. म्हणून म्हणतो, लिव्हत जाय. तुह्या बापानं, माह्या धर्मपालदादानं, ओट्यावर बसवून मले चवथीपर्यंतची पुस्तकं वाचाले लावलती, ती कायले? तुह्यी माय गेली, मंग दादाही गेला, आन तुम्ही दोघं भाऊबहीण माह्या पदरात राह्यले. आता लोकं मले तुह्याबद्दल इचारतात आन मले सांगता येत नाई. परवा तांड्यावरून धावजीची सुखीबाई आलती. हातवारे करून इचारे, उर्वशी पुण्यात काय करते? म्हटलं, बॅटरी. तिनं टॉर्च पेटवून दाखवला. मी मान हालवली. ती हासली आन मले राग आला. एवढं शिकून पोरगी टॉर्चमदी जाऊन बसली काय?

आता अतुलचं. चार एकरात पऱ्हाटी लावली, उगवण चांगली हाय. पण मागच्या हंगामात कापसावरच्या बोंडअळीसाठी फवारणीच्या हातपंपाचा दांडा हालवू हालवू त्याचा उजवा खांदा गेला. भाकर डाव्या हातानं तोडते. मले लपवते. मी बहिरी हाय, आंधळी नाई. तुह्याहून दोन सालानं लहान, आन उठते-बसते म्हाताऱ्यावानी. तू एवढी बॅटरीवाली, तं भावाच्या खांद्यासाठी काई कर.

तुह्यी आत्या,
पंचफुला


पुणे
२ जुलै २०१७

प्रिय आत्या, जयभीम.

हरले. आता लांब लिहिते, कंटाळलीस तरी शेवटपर्यंत वाच.

सुखीबाईचं फारसं चुकलं नाही. टॉर्चच्या सेलमध्ये असतं तेच: दोन टोकं आणि मधे ओलावा. त्या ओलाव्यातून इकडचे कण तिकडे जातात, तेव्हा वीज मिळते. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. मोबाईलच्या बॅटरीला लिथियम लागतं, ते बाहेरच्या देशांतून येतं. आम्ही त्याच्या जागी सोडियम बसवतोय. सोडियम म्हणजे तुझ्या मिठातला एक भाग. तो धातू आहे, पण साबणाच्या वडीसारखा सुरीनं कापता येतो, आणि पाणी लागलं की पेट घेतो. म्हणून मी काचेच्या बंद पेटीत, जाड रबरी मोज्यांत हात घालून काम करते.

अडचण अशी आहे. बॅटरी भरताना सोडियमवर बारीक काटे उगवतात. काटा वाढून पलीकडच्या टोकाला टेकला की ठिणगी उडते, आणि मधला द्रव रॉकेलसारखा पेटणारा. मला असा द्रव हवाय, जो काडी लावली तरी पेटणार नाही आणि सोडियमवर पातळशी साय धरील, म्हणजे काटे उगवणार नाहीत. न पेटणारे द्रव आहेत, पण ते सोडियमलाच खातात. जे सोडियमला मानवतात, ते पेटतात. तीन वर्षं मी या दोघांच्या मधे अडकलेय. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या टेबलावर एक सेल पेटला आणि आमच्यातल्या एकाच्या हाताची कातडी गेली. तेव्हापासून मला जिथे तिथे आगच दिसते.

आता अतुल. दारव्ह्यातून बॅटरीचा पंप घे म्हणून त्याला फोनवर सांगितलंय. पण त्यातली शिशाची बॅटरी फार जड असते, तिच्या जागी बसवायला मी एक हलकी जोडून पाठवतेय. ही माझ्या सोडियमची नाही. माझी अजून नाण्याएवढीच होते आणि पंधरा दिवसांत मरते. ही बाजारातले चांगले सेल घेऊन केलीय, पाच दिवस तपासलीय. सोबतच्या कागदावर नियम लिहिलेत. उन्हात ठेवायची नाही. चुलीजवळ चार्जिंगला लावायची नाही. फुगली किंवा तापली तर पंप लगेच पाठीवरून उतरवायचा. आणि पाणी लागू द्यायचं नाही, अजिबात नाही. अतुल हो-हो म्हणतो आणि विसरतो, म्हणून कागद तुझ्या हवाली करतेय.

तुझी,
उर्वशी


सावळखेड
६ ऑगस्ट २०१७

चि. उर्वशीले जयभीम.

बॅटरी आली. हे असं पत्र असते बाई. तीन खेपा वाचलं.

तुह्या नियमाचा कागद बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवला, पिठाची खळ करून. सकाळी पंप उचलाच्या आधी अतुलले त्याच्यापुढं उभा करतो, वंदनेले उभं राह्यल्यावानी. हासते, पण वाचते. पाणी कधी पेटते काय, म्हणून मी तुह्यं पत्र वाचून आधी हासली. मंग साय म्हटलं तं बरोबर ध्यानात आलं. सुखीबाईलेही समजावून सांगतलं, आता ती टॉर्च काढत नाई.

खांद्याचं दुखणं उतरलं त्याचं. दोन्ही हातानं जेवते. पंप हलका झाला म्हणून आपलं वावर आटपलं का धावजीचं फवारते, मंग आणखी कोणाचं. जो भेटन त्याले बॅटरी उघडून दाखवते, माह्या बहिणीनं बनवली म्हणते. कोणी हात लावाले गेलं तं लावू देत नाई. औषध एकदम बारीक उडते ह्या पंपानं, धुक्यावानी. यंदा पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेली. आत शिरला का पोरगा दिसत नाई, निरं धुकं फिरतानी दिसते. अळी काई हटत नाई, म्हणून दुकानवाला आता दोन औषधं एकात मिसळून द्याले लागला.

एक हाय, पंपाचं झाकण गळते. औषध पाठीवरून उतरते, सदरा ओला होते. म्हणून मी युरियाच्या पोत्यातलं प्लास्टिक काढलं, मधात गळ्याचा गोल कापला, खांद्यावर दोन गाठी मारल्या आन त्याले घालून देतो. म्हणते, आत्या, ह्याच्यात मी शिजून जाईन. म्हटलं, शिज. पण घाल.

खाली त्याले दोन ओळी लिवाच्या हायेत म्हणते.

तुह्यी आत्या

ताई, बॅटरी एक नंबर. दिवसभर चालते, थकत नाही. तुह्या न पेटणाऱ्या पाण्याचं आत्यानं वाचून दाखवलं. झालं का मले पाह्याचं हाय, माह्या हातानं काडी लावून. त्याशिवाय मी मानणार नाही. — अतुल


पुणे
१९ ऑगस्ट २०१७

प्रिय आत्या,

आधी चांगली बातमी. न पेटणारा एक द्रव आहे, त्यात मी नेहमीपेक्षा चौपट मीठ विरघळवून पाहिलं. चार दिवस झाले, अजून सोडियमला खाल्लं नाही. चार दिवस म्हणजे काहीच नाही, पण मला रोज सकाळी उठून पळत जावंसं वाटतं. अतुलला सांग, कापूस वेचून झाला की पुण्याला यायचं. मी काडेपेटी त्याच्याच हातात देईन.

आता महत्त्वाचं, नीट वाच. झाकण गळतं म्हणालीस. आत्या, बॅटरीचा डबा पंपाच्या बुडाशी असतो, म्हणजे गळलेलं सगळं तिच्यावरच उतरणार. तारांच्या तोंडाशी ओल गेली तर ती तापेल, आणि पाठीला बांधलेली बॅटरी पेटली तर पट्टे सोडायलाही वेळ मिळत नाही. ते मी पाहिलंय. अतुलच्या पाठीवर तसं काही होतंय असं मला दोनदा स्वप्न पडलं. तुझ्याकडचं ते युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक फार चांगलं, त्यातून थेंब आत जात नाही. ते बॅटरीच्या डब्याला गुंडाळ. दोन घड्या घाल आणि वरून घट्ट दोरी बांध. हे अतुलवर सोडू नको, तू स्वतः कर. कागदावर हा नियम लिहायचा राहिला होता, तो तुझ्या हातानं खाली लिहून टाक.

तुझी,
उर्वशी


सावळखेड
११ सप्टेंबर २०१७

चि. उर्वशीले जयभीम.

तू लिव्हलं तसं त्याच दिवशी केलं. बॅटरी गुंडाळली, वरून दोरी बांधली. आता नाल्यात टाकली तरी भिजत नाई. कागदावरही लिव्हलं.

अतुलले दोन दिवसापासून डोळ्याची आग होऊन राह्यली. उन्हाचं असन. काल एकदा ओकला, घामही लय सुटला. मी लिंबाचं पाणी देल्लं, दिवसभर पडून होता, आज उठून बसला. म्हणे, ताईले लिवू नको, तिचं काम आत्ताच कुठी जमून राह्यलं. धावजीच्या वावरातलं थोडं राह्यलं, तेवढं आटपून मंग आठ दिवस आराम करतो म्हणे. म्या म्हटलं कर.

काळजी करू नको.

तुह्यी आत्या


पुणे
४ ऑक्टोबर २०१७

आत्या,

काल पोचले. खोलीच्या दाराखाली तुझं अकरा सप्टेंबरचं पत्र पडलेलं होतं. धावजीच्या शामचा फोन आला आणि मी निघाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते इथे आलं. शिक्क्यावर तारीख आहे. 'काळजी करू नको' लिहिलंयस. मी लिहिलं की तू रागावतेस.

तिकडे एवढे दिवस एका घरात होतो, पण आपण दोघी एका शब्दानं काही बोललो नाही. अतुल गेल्यावर पुण्यानुमोदनाला माणसं आली, गेली, तू स्वयंपाक केलास, मी भांडी घासली. तुझ्या कानाशी ओरडून हे सगळं विचारायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून लिहिते.

यवतमाळच्या त्या वॉर्डात खाटेला खाट लागून पोरं पडली होती, सगळ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दुसऱ्या दिवशी अतुल म्हणाला, ताई, तू हायस काय, मले दिसून नाई राह्यलं. मी हात धरला. मग म्हणाला, बॅटरी कोरडी हाय, पाह्यजो. मी म्हटलं, असू दे रे ती बॅटरी. त्याच्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. तू तेव्हा बाहेर नळावर गेली होतीस.

तुला एक माहीत नाही. माझा न पेटणारा द्रव आणि अतुल मारत होता त्यातलं एक औषध, दोन्ही एकाच कुळातली. दूरचे चुलतभाऊ म्हण. मला हे शिकवलेलं आहे, परीक्षेत मी ते लिहिलेलं आहे. माझ्या बाटलीला मी मोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावत नाही. अतुलला मी पानभर नियम पाठवले आणि त्यात औषधाबद्दल एक ओळ नव्हती. मी आग शोधत बसले.

काल तुझी सगळी पत्रं काढली. ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलंयस, झाकण गळतं, सदरा ओला होतो. त्यावर मी काय उत्तर पाठवलं ते मला आठवतंय. आता मला खरं सांग. बॅटरीला गुंडाळलेलं प्लास्टिक दुसरं होतं ना? अतुलचं त्याच्या पाठीवरच होतं ना? बॅटरी मी सोबत आणलीय, पण पिशवीतून बाहेर काढवत नाही. सरांना सांगितलंय, हे काम मी सोडते.

उर्वशी


सावळखेड
२० ऑक्टोबर २०१७

चि. उर्वशीले जयभीम.

दुसरं होतं. पोत्याले आपल्या घरी काय तोटा हाय? पाठीवरचं पाठीवर होतं, त्या दिवशीही मी सोता बांधून देल्लं. जे झालं ते औषधानं झालं. आजूबाजूच्या गावातही पोरं पडले, त्यायच्या पंपात काय तुह्यी बॅटरी होती? मंग कायले सोताले खाऊन राह्यली?

पऱ्हाटी फुटली. अर्धी बोंडं किडकी निंघाली. सुखीबाई तांड्यावरच्या चार बाया घेऊन वेचाले आली, मले बांधावर बसवून ठेवलं, हातच लावू देल्ला नाई. जेवणाच्या वक्ताले मी पाच भाकरी जास्त करून ठेवतो. हात ऐकत नाई.

तुह्ये पत्र सगळे जपून ठेवले हायेत, पण ऑगस्टचं सापडून नाई राह्यलं. जाऊ दे. तुह्या बॅटरीचं काय करतं तं एक काम कर. पिशवीतून काढूच नको. तशीच फेकून दे कुठी, नाईतं कोणाले देऊन टाक. आन काम सोडू नको. अतुलनं गावभर सांगून ठेवलं हाय, माह्यी बहीण न पेटणारं पाणी बनवते म्हणून. आता लोकाले मी काय सांगू?

तुह्यी आत्या


पुणे
२ नोव्हेंबर २०१७

आत्या,

तू काढू नको म्हणालीस, म्हणून काढली.

दोरी सोडली आणि प्लास्टिक उलगडून टेबलावर पसरलं. मधे गळ्याचा गोल कापलेला आहे. खांद्यावरच्या दोन्ही गाठी तशाच आहेत. गाठीचं शेपूट तू आत खोचतेस, शाळेत जाताना माझ्या वेणीच्या रिबिनीचं खोचायचीस, तसंच खोचलेलं आहे.

आतली बॅटरी पाहिली. कोरडी आहे. एक थेंबही नाही.

खोटं लिहिलंस म्हणून मी रागावले नाही. मला वाचवायला लिहिलंस, ते कळलं. पण तो मला सांगत होता आणि मी म्हटलं, असू दे रे ती बॅटरी.

उर्वशी


सावळखेड
१९ नोव्हेंबर २०१७

चि. उर्वशी,

हो. तेच होतं.

तुह्यं ऑगस्टचं पत्र आलं तवा अतुल वावरातून येऊन अंगणात उभा होता. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं पंप उतरवला, अंगातलं प्लास्टिक काढलं आन म्हणे, घे आत्या, हेच बांध. म्या म्हटलं, थांब, दुसरं काढून देतो. म्हणे, उद्या. सुटलो ह्या गरमीतून. त्याच्या पाठीवर घामोळ्या उठल्या होत्या, मलेही वाटलं, एक दिवस हवा लागू दे. उद्या उद्या करत तीन हप्ते गेले. पोतं दाराजवळच होतं बाई. येता-जाता माह्या पायाले लागे. बॅटरी मातर रोज पाहो, गाठ ढिली तं नाई झाली म्हणून. तुह्या पत्रात तेच लिव्हलं होतं ना.

गाठ मी मारली. तुह्यं ऑगस्टचं पत्र मी चुलीत टाकलं, तुले कधी दिसू नये म्हणून. तू म्हणशीन तुह्यं चुकलं, मी म्हणतो माह्यं. तो असता तं म्हणला असता, तुमचं दोघीचं काई नाई, मलेच गरमी होत होती. त्याचा स्वभाव तुले मालूमच हाय.

एक गोष्ट मले आता सुचली, साठीले आल्यावर. जिनिंगमदी कापूस पेटू नये म्हणून मुकादम दर घंट्याले येऊन मशिनीले हात लावून पाहे, तापली तं नाई. लगेच बंद करे. मी त्याच मशिनीपाशी बावीस साल उभी होती. माह्या कानाले काय होऊन राह्यलं, ते कोणं इचारलं नाई. मीही नाई इचारलं. मशीन नाई पेटली म्हणजे आपण सगळे बरे हाओत, असंच वाटे. तूही तशीच पाहत बसली, तुले दोष कसा देऊ?

आता ज्याच्यासाठी लिव्हाले बसली ते. धावजीचा शाम पंप मागाले आला. हरभऱ्यावर अळी पडली. त्याच्याच वावरात अतुल पडला, त्यानंच पाठीवर घेऊन रोडपर्यंत आणला, आन तोच मागते. मी नाई म्हटलं. पंपाले कोठ्यात टाकून कुलूप लावलं. तं तो चार दिवसापासून हातपंपानं फवारून राह्यला, उघड्या अंगानं. मले ओट्यावरून दिसते. दांडा हालवू हालवू खांदा वाकडा करते, अतुल करे तसा. मले पाहवत नाई आन पंपही देववत नाई. तू म्हणशीन तं पंप फोडून टाकतो. तुह्यी बॅटरी तुह्याजवळच हाय. काय करू, लवकर लिव्ह.

तुह्यी आत्या


पुणे
१० डिसेंबर २०१७

प्रिय आत्या, जयभीम.

पंप फोडू नको.

काम सोडलं होतं. दीड महिना खोलीत पडून होते. तुझं पत्र आलं त्या दिवशी परत गेले. माझ्यामागे त्यांनी माझे सेल चालूच ठेवले होते, ऑगस्टमध्ये लावलेलेसुद्धा. आता द्रवात इतकं मीठ घातलंय की तो काकवीसारखा घट्ट झालाय, पण सोडियमला खात नाही. एक सेल उघडून पाहिला. वर साय धरलेली आहे, काटा एकही नाही. अजून तो नाण्याएवढाच आहे. पंपाएवढा व्हायला दहा वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही.

परवा दुपारी चमचाभर द्रव काचेच्या ताटलीत घेतला, मोजे घातले, आणि काडी लावली. काडी विझली. मग सरांना म्हटलं, आणखी एक लावायची आहे. ती अतुलची लावली. तीही विझली. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी जिन्यात जाऊन रडले. त्यानं मान्य केलं असतं की नाही कोण जाणे. आणखी चार काड्या ओढल्या असत्या त्यानं.

या पार्सलात बॅटरी परत पाठवतेय. सोबत झाकणाचं नवं वायसर आहे, ते शामकडून आधी बसवून घे आणि नुसतं पाणी भरून, पंप उलटा करून पाहा. रबरी मोजे आणि चष्मा आहे. नवीन जाड प्लास्टिकही आहे, गळ्याचा गोल मी कापलाय, गाठी तू मार. बॅटरीला काही गुंडाळू नको. अतुलचं प्लास्टिक पाठवत नाही, ते माझ्याजवळ राहू दे.

भिंतीवरचा जुना कागद काढून टाक. खळीनं चिकटवलेला आहे, ओल्या फडक्यानं निघेल. त्याच्या जागी हा लाव. मोठ्या अक्षरात लिहिलाय. शामला रोज सकाळी त्याच्यापुढे उभा कर. हासला तरी वाचायला लाव.

तुझी,
उर्वशी

(सोबतचा कागद)

पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारायचं नाही.
पाठीवर प्लास्टिक, हातात मोजे, डोळ्याला चष्मा, हे झाल्याशिवाय पंप उचलायचा नाही. गरम होतं. होऊ द्यायचं.
वारा तोंडावर येत असेल तर घरी यायचं.
दोन औषधं एकात मिसळायची नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.
डोळे चुरचुरले, घाम सुटला, मळमळलं, की पंप जिथे असेल तिथे टाकायचा, कपडे काढून अंग धुवायचं आणि दवाखान्यात जायचं. राहिलेलं वावर राहू द्यायचं.
बॅटरी भिजली तर भिजू द्यायची.